जुन्या जीपला प्रेशरची टाकी: कुठे टांगायची आणि कशाला जोडायची

तुमची जीप महिंद्राची एमएम ५४०, इंजिन प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल. इंजिन नव्यानं बांधून घेतलं. मूळ पितळी रेडिएटर सडला होता, म्हणून दुसऱ्या एका गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घातला. मेकॅनिकच्या सांगण्यावरून एका नव्या गाडीची प्रेशरची एक्स्पान्शन टाकी आणून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, बसवली. आता वाईहून पसरणी घाट चढताना अर्ध्या वाटेवर तापमापकाचा काटा लालकडे सरकतो, टाकीच्या टोपणाखालून पाणी उडतं, आणि सकाळी बॉनेट उघडावं तर वरचा होज, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी, चपटा पडलेला असतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून बघितला, तरी फरक नाही. टाकी नक्की जोडायची कशी आणि टोपण कोणतं लावायचं, हा तुमचा प्रश्न.

तुम्ही पाइपांचं जे चित्र काढलंय त्यात रेडिएटरचं जुनं टोपण जागेवरच आहे. ते टोपण बसतं त्या मानेची बारीक नळी टाकीच्या वरच्या बारीक तोटीला जोडली आहे, आणि टाकीच्या बुडाचं जाड तोंड बोल्ट ठोकून बंद केलंय. दुखणं इथेच आहे. इंजिन बांधणाऱ्याचं काम चांगलं असेल, रेडिएटरही चांगला असेल, पण अशा जोडणीवर नवी कोरी गाडीसुद्धा तापेल.

काय होतं ते सांगतो. इंजिन गरम झालं की पाणी फुगतं, रेडिएटरचं टोपण उचलतं आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून टाकीत जाऊन पडतं. इथपर्यंत ठीक. संध्याकाळी इंजिन निवतं, पाणी आक्रसतं आणि रेडिएटर ते पाणी परत ओढू पाहतो. पण नळी टाकीच्या वरच्या बाजूला उघडते, तिथे पाणी नाही, हवा आहे. मग हवाच ओढली जाते. म्हणजे रोज थोडं पाणी रेडिएटरमधून टाकीत आणि रोज तेवढीच हवा टाकीतून रेडिएटरमध्ये. टाकी भरत जाते, तुम्हाला वाटतं पाणी भरपूर आहे, आणि तिकडे इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, हवा साचत जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी घाटात काटा चढणारच.

चपट्या होजचं कारणही त्यातच आहे. दोन टोपणांपैकी एकाच्या आतली छोटी व्हॅक्यूमची झडप अडकलेली आहे. रेडिएटरला हवासुद्धा पुरेशी मिळत नाही, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा होज दाबून टाकते. रेडिएटरचं टोपण काढून उलटं धरा. मधोमध एक नाण्याएवढी चकती दिसेल. नखानं ती हलकेच ओढली तर खाली आली पाहिजे आणि सोडल्यावर परत बसली पाहिजे. गंजानं किंवा क्षारानं ती चिकटली असेल तर टोपण फेकून द्या, साफ करत बसू नका.

आता मुळाशी येतो, कारण ते समजलं की जोडणी पाठ करावी लागत नाही. ही टाकी पाणी साठवण्यासाठी नाही. ती दोन कामांसाठी आहे. पाण्यात मिसळलेली हवा आणि वाफ बाजूला काढायची, आणि संपूर्ण यंत्रणेवर एकसारखा दाब धरायचा. माझ्याकडे तापणाऱ्या म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये पाणी कमी नसतं, हवा जास्त असते. हेडमध्ये एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हशेजारी हवेचा मोठा फुगा अडकला की तिथल्या धातूला पाणी लागतच नाही. तापमापकाच्या सेन्सरभोवती हवा आली तर काटा उलट खाली पडतो, कारण सेन्सर पाण्याचं तापमान घ्यायला बनलेला आहे, हवेतून त्याला उष्णता नीट पोचत नाही. घाटात वर गेलेला काटा अचानक खाली आला तर गाडी निवली असं समजू नका. लगेच बाजूला घ्या.

दाबाचं म्हणाल तर आकडे बघा. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशाला उकळतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे पाचगणीच्या नाक्यावर उघडं पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, आणि चांगलं चालणारं डिझेल इंजिन चढावर ९५ पर्यंत सहज जातं. टोपणानं ०.९ बारचा दाब धरला तर त्याच जागी पाणी ११५ च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. वीस अंशांची ही ढाल फक्त त्या टोपणाच्या रबरावर उभी आहे. वॉशर कडक झालं, मानेच्या कडेला ओरखडा पडला, की ढाल गेली.

दाबाचा दुसरा फायदा कमी लोक ध्यानात घेतात. वॉटर पंप पाणी ओढतो तिथे, म्हणजे खालच्या होजच्या बाजूला, दाब सगळ्यात कमी असतो. गरम पाण्यावर दाब कमी पडला की पंपाच्या पात्यांपाशी ते तिथल्या तिथे उकळायला लागतं. पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही, फेस घुसळतो. टाकीचं जाड तोंड तुम्ही बोल्टनं बंद केलंय ते याच जागी जोडायचं असतं.

तर आता दोन वाटा आहेत.

पहिली, साधी. प्रेशरची टाकी काढून टाका, रेडिएटरचं टोपण ठेवा, आणि साधी उघड्या श्वासाची प्लास्टिकची बाटली लावा. बाटलीत नळी अगदी तळापर्यंत गेली पाहिजे आणि तिचं टोक कायम पाण्यात बुडालेलं असलं पाहिजे. गरम झाल्यावर पाणी बाटलीत येतं, निवल्यावर तळातून परत ओढलं जातं, हवा आत जातच नाही. टोपण मात्र दोन वॉशरचं हवं. एक आतलं, दाबाचं. दुसरं वरचं, मानेच्या तोंडावर बसणारं. जुन्या जीपांना नळी नुसती जमिनीकडे सोडलेली असायची, त्यामुळे त्यांची जुनी टोपणं एका वॉशरचीही मिळतात. तसलं टोपण लावलं तर निवताना हवा मानेतूनच आत शिरते आणि बाटलीतलं पाणी बाटलीतच राहतं. मूळ उंच रेडिएटर असता तर मी तुम्हाला हीच वाट सांगून विषय संपवला असता. खर्च कमी आणि बिघडण्यासारखं काही नाही.

पण तुमचा रेडिएटर ठेंगणा आहे. पहिली वाट चालायची तर रेडिएटरची मान ही सगळ्या यंत्रणेतली सर्वात उंच जागा हवी, कारण हवा वर जाते आणि टोपणापाशी पोचली तरच बाहेर पडते. तुमच्याकडे सर्वात उंच जागा आहे थर्मोस्टॅटचं हाऊसिंग, म्हणजे तो ज्यात बसतो ते घर. हवा तिथे अडकते आणि तिला वाटच नाही.

डोळ्यानं अंदाज करू नका, मोजा. गवंडी वापरतात तशी पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, एक टोक रेडिएटरच्या मानेशी आणि दुसरं थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगशी धरा. जीप सपाट जमिनीवर हवी. मागच्या वर्षी एका जीपवर आम्ही मोजलं तेव्हा मान हाऊसिंगच्या अडीच इंच खाली निघाली, आणि मालक शपथेवर सांगत होता की दोन्ही सारख्याच उंचीला आहेत. बॉनेटच्या उतारामुळे नजर फसते. चढावर तर इंजिनची मागची बाजू आणखी खाली जाते आणि पुढचा भाग वर येतो, म्हणजे हिशेब बदलतो. उतारावर त्याच्या उलट. म्हणून टाकी दोन्ही वेळी सगळ्यांच्या वर राहिली पाहिजे. इंच-दोन इंचांची सूट ठेवा.

तेव्हा तुमच्यासाठी दुसरी वाट योग्य आहे, फक्त ती पूर्ण करा. यंत्रणेला प्रेशरचं टोपण एकच असतं, हे पहिलं. ते टाकीवर, आणि रेडिएटरच्या मानेवर बिनझडपेचं, घट्ट बंद होणारं टोपण. मानेच्या नळीला त्याच टोपणाखाली वाट राहते, ती आता रेडिएटरचा श्वास म्हणून वापरायची आहे. त्यासाठी टोपणाचं आतलं वॉशर मानेतल्या खालच्या कडेवर बसता कामा नये, फक्त वरचं वॉशर बाहेरच्या कडेवर बसलं पाहिजे. असं टोपण मिळालं नाही तर रेडिएटरच्या वरच्या टाकीला वेगळी तोटी वेल्ड करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग टिग मशीनवालाच नीट करतो.

टाकीला तीन जोडण्या. रेडिएटरच्या सर्वात वरच्या बिंदूपासून एक बारीक नळी, आतून ६ ते ८ मिलिमीटरची. थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगच्या डोक्यापासून तशीच दुसरी, पण ती थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूने काढायची, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतानाही हेडमधली हवा निघत राहते. या दोन्ही टाकीच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या वर, वेगवेगळ्या तोट्यांना. आणि टाकीच्या बुडातून एक जाड होज, साधारण १९ मिलिमीटरचा, पंपाच्या ओढीच्या बाजूला. खालच्या होजमध्ये टी टाकून तो जोडता येतो, किंवा हीटरची परत येणारी नळी जिथे पंपाला मिळते तिथे.

इंजिनकडून येणाऱ्या नळीत दोन ते तीन मिलिमीटरचं भोक असलेली एक पितळी गुंडी बसवून घ्या. लेथवाला पाच मिनिटांत करून देतो. हवेला तेवढं भोक पुरतं. भोक मोठं ठेवलं तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता टाकीतून फिरून परत इंजिनात जातं आणि तुम्ही स्वतःच एक चोरवाट तयार केलेली असते. दोन बारीक नळ्या टीनं एकत्र करून टाकीला एकच तोटी वापरायचा मोह होतो, तो टाळा. इंजिनकडचा दाब रेडिएटरकडच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे एकीतली हवा टाकीत जाण्याऐवजी दुसरीतून रेडिएटरमध्ये ढकलली जाते.

नळ्या सतत चढत गेल्या पाहिजेत. मध्ये कुठेही झोळ नको. झोळात पाणी बसतं आणि त्याच्यामागे हवा अडते. फायरवॉलवर वायरिंगच्या खालून नळी नेण्याची सवय असते, कारण तशी ती सुबक दिसते. सुबकपणा राहू द्या बाजूला. नळी वरूनच न्या.

जाड होज वरच्या होजला जोडायची चूक मी माझ्या पहिल्या काही वर्षांत केली आहे. एक ट्रॅक्स गाडी होती. वरचा होज जवळ होता, कामही सोपं होतं. गाडी सुरू केली, वेग वाढवला की टाकीतलं पाणी हंडीतल्या आधणासारखं उसळायचं. मला हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं सील, गेली असं वाटलं. हेड उतरवलं, गॅसकेट चांगली निघाली. दोन दिवसांनी लक्षात आलं की पंप वरच्या होजमधून पाणी थेट टाकीत ढकलतोय आणि तिथे हवा वेगळी व्हायच्या ऐवजी पाण्यात घुसळली जातेय. टाकीत पाणी शांत असलं पाहिजे. टोपण उघडं ठेवून थंड इंजिन फिरवलं तर बारीक नळीतून एक पातळ धार येताना दिसावी, एवढंच.

आता टाकी केवढी हवी. तुमच्या यंत्रणेत एकूण पाणी किती ते मोजा. सगळं बादलीत सोडा आणि लिटरच्या मापानं मोजा. समजा दहा लिटर निघालं. वीस अंशावरून पंच्याण्णव अंशावर नुसतं पाणी सुमारे पावणेचार टक्के फुगतं, निम्मं कूलंट असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा लिटरला चारशे ते पाचशे मिली. एवढं पाणी वर यायला जागा हवी, आणि ती जागा भरल्यावरही वर हवेची गादी शिल्लक राहायला हवी. बंद जागेतली हवा निम्म्यावर दाबली की तिचा दाब दुप्पट होतो, गरम झाल्यानं आणखी वाढतो. गादी छोटी पडली तर टोपण रोज उघडणार आणि हवेबरोबर पाणीही थुंकणार. तुम्ही टाकी गळ्यापर्यंत भरता असं लिहिलंय, पाणी उडण्याचं निम्मं कारण तेच आहे. थंड असताना टाकी निम्मीच भरायची. दीड-दोन लिटरची टाकी तुमच्या जीपला पुरते.

टाकी प्रेशरचीच आहे ना, हे नक्की करा. जाड, शिवण असलेली, आत आडव्या भिंती असलेली असते. वायपरच्या पाण्याच्या बाटलीसारखी पातळ बाटली दाबाला लावली तर ती आधी फुगते, मग फुटते, आणि शंभर अंशाचं पाणी बॉनेटखाली उडतं. भंगारातून आणलेली असेल तर उन्हात धरून बघा. जुन्या प्लास्टिकवर केसांसारख्या रेषा दिसल्या तर ती टाकी घेऊ नका.

टोपणाचा दाब. नव्या गाड्यांच्या टाक्यांची टोपणं बऱ्याचदा १.१, १.४ बारची असतात. तुमची टाकी आणि रेडिएटर नव्या गाड्यांचे आहेत, ते सहन करतील. पण तुमच्या जीपचे जुने होज, हीटरचा पितळी कोअर आणि पंपाचं सील त्या दाबासाठी बनलेले नाहीत. मी ०.९ नं सुरुवात करीन. आकडा टोपणावर छापलेला असतो. जपानी पद्धतीच्या टोपणावर ८८ किलोपास्कल लिहिलेलं असतं, ते तेच. अडचण अशी की टाकीचे आटे कंपनीनुसार वेगळे असतात आणि एका टाकीचं टोपण दुसरीला बसत नाही. म्हणून उलटं करा: आधी ०.९ चं टोपण ज्या टाकीला मूळचं येतं अशी टाकी शोधा. सध्याच्या टाकीला ते मिळत नसेल तर टाकी बदला. दाब वाढवून तापणं थांबत नाही, फक्त उकळणं पुढे ढकललं जातं, आणि मग सगळ्यात कच्चा होज घाटात फुटतो.

थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडे गरम हवेचा प्रदेश म्हणून तो काढून टाकायची रीतच पडली आहे, आणि मला तिचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यानं चांगली इंजिनं झिजतात. थंड डिझेल इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी ऑइलमध्ये जाते, सिलिंडर झिजतात. वर पाचगणीजवळ भिलारला तुमच्या मळ्यावर हिवाळ्यात सकाळी इंजिन कधी पुरेसं गरमच होणार नाही. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागे एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, भोक झाकते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो, पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाता गोल फिरत राहतो, आणि चढावर जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा तेव्हाच तो जात नाही. तुमच्या हाऊसिंगमध्ये बायपासचं भोक कुठे आहे ते बोट घालून बघा आणि त्याला साजेसाच थर्मोस्टॅट घ्या.

नवा थर्मोस्टॅटसुद्धा तपासून लावा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा आणि गॅस मंद ठेवा. ८२ लिहिलेला असेल तर ८२ च्या आसपास चकती हलायला लागते. दोऱ्याचं दुसरं तंत्र म्हणजे दोरा बंद चकतीच्या फटीतच अडकवायचा. उघडायला लागला की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो, तो आकडा टिपायचा. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि पिन ढकलतं, त्यामुळे तो हळूहळूच उघडतो. बसवताना कडेची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. ती हवेसाठी आहे.

पाण्याबद्दल. बोअरचं पाणी नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, हे तुमच्या घरच्या गीझरनं तुम्हाला आधीच सांगितलं असेल. हेडच्या गरम भिंतीवर त्याचा थर बसतो आणि तो थर उष्णता अडवतो. बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते डीएम पाणी वापरा, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या आणि त्यात काही घालू नका. घट्ट कूलंट घेतलं तर आपल्या भागात तेहतीस ते चाळीस टक्के पुरतं. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, त्यामुळे जास्त घातलं तर फायद्याऐवजी तोटा होतो. पण नुसतं पाणीही नको. गंज थांबवणारी द्रव्यं कूलंटमध्येच असतात. तुमच्याकडे लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि पितळी हीटर अशी तीन धातूंची मोट आहे, तिथे साधं पाणी काही महिन्यांत रंग दाखवेल. ज्या डिझेल इंजिनांत ओले लायनर असतात, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, तिथे लायनरच्या थरथरीनं बाहेरून खड्डे पडतात. त्यासाठी डिझेलसाठी म्हणून लिहिलेलंच कूलंट घ्या. हिरवं आणि गुलाबी मिसळू नका, आणि रंगावर विश्वासही ठेवू नका. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं देते. बाटलीवरची जात वाचा. जुनं काय होतं ते माहीत नसेल तर डीएम पाण्यानं दोन वेळा धुऊन नवं भरा.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री ते चाटतात. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं असंच गेलं, तेव्हापासून मी बादली झाकूनच ठेवतो आणि लहान मुलांना त्या कोपऱ्यात फिरकू देत नाही.

भरायची पद्धत. जीप चढावर तोंड करून उभी करा, म्हणजे पुढची बाजू वर. हीटरचा नळ उघडा. टाकीतून सावकाश भरा, अगदी सावकाश, पाच-दहा मिनिटं घ्या. मध्ये मध्ये वरचा आणि खालचा होज हातानं पिळत राहा. प्रत्येक पिळीला टाकीत बुडबुडे येतील. थांबेपर्यंत पिळा. मग टोपण न लावता इंजिन सुरू करा, साध्या आयडलवर. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. वरच्या होजवर हात ठेवा. बराच वेळ तो कोमट राहतो, आणि मग एका मिनिटात चटका बसेल इतका गरम होतो. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. त्यानंतर आणखी काही बुडबुडे निघतील. ते थांबले की पातळी निम्म्यावर आणा, टोपण लावा, एक चक्कर मारून या आणि रात्रभर निवू द्या. सकाळी टोपण उघडून पातळी बघा. पहिले तीन-चार दिवस ती थोडी उतरेल, भरत जा. त्यानंतर उतरता कामा नये.

त्यानंतरही उतरली तर गळती शोधायची. हातपंपाचा प्रेशर टेस्टर भाड्यानं मिळतो, थंड इंजिनवर ०.९ पर्यंत दाब द्या आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघा. काटा पडला आणि बाहेर कुठेच ओल दिसत नसेल तर पाणी आत जातंय. दुसरी खूण: सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटाभरातच, इंजिन गरम होण्याआधीच, होज दगडासारखा कडक झाला आणि टाकीत सारखे बुडबुडे येत राहिले, तर ते जळलेले वायू आहेत. टाकीच्या तोंडावर धरायचा निळा द्राव मिळतो, वायू असतील तर त्याचा रंग बदलतो. नव्यानं बांधलेल्या इंजिनात हेड पुन्हा टॉर्क केलं नसेल, म्हणजे त्याचे बोल्ट ठरलेल्या जोरानं पुन्हा आवळले नसतील, तर असं होऊ शकतं. पण आधी जोडणी दुरुस्त करा, मगच हेडकडे बघा. माझ्या ट्रॅक्ससारखं विनाकारण हेड उतरवू नका.

पंख्याभोवतीचं आवरण, श्राउड, तुमच्या चित्रात दिसत नाही. ठेंगण्या रेडिएटरला मूळचं बसलं नसेल आणि मेकॅनिकनं काढून टाकलं असेल. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना गाडीच्या वेगाची हवा जवळजवळ नसतेच, जे काही करायचं ते पंखा करतो. आवरण नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःच्या कडेनं तीच गरम हवा फिरवत राहतो. पत्र्याचं करून घ्या, पाती निम्मी आत निम्मी बाहेर राहतील असं. पट्टाही बघा. अंगठ्यानं मध्यावर दाबला तर अर्धा इंच लवावा, जास्त नाही.

आणि हे काम होईपर्यंत घाटात गाडी तापलीच तर: सावलीत थांबा, बॉनेट उघडा. पाणी उडालं नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन आयडलवर चालू ठेवा, काटा खाली येईल. पाणी उडून गेलं असेल तर लगेच बंद करा. टोपणाला हात लावू नका. कुंभार्ली घाटात माझ्यासमोर एका तरुण मुलानं ओल्या फडक्यानं टोपण फिरवलं, कोपरापर्यंतची कातडी गेली त्याची. चिपळूणला दवाखान्यात नेईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पाऊण तास थांबा, वरचा होज हातात धरवेल इतका निवला की मगच टोपण पहिल्या खाचेपर्यंत सैल करा, फुसकारा संपू द्या, मग काढा. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका. इंजिन आयडलवर चालू करून थोडं थोडं ओता, नाहीतर हेडला तडा जातो.

जोडणी बदलल्यावर टाकीवर मार्करनं थंड पातळीची रेघ मारा. रोज सकाळी सुरू करण्याआधी आठवडाभर ती बघा, आणि वरचा होज हातानं चाचपून बघा. तो गोल असेल आणि पाणी रेघेवर असेल, तर भरलेली जीप घेऊन पसरणी चढा. भिलारला पोचेपर्यंत काटा थर्मोस्टॅटवरच्या आकड्याच्या जरासा वर राहावा आणि टाकीच्या टोपणाखाली कोरडं असावं.